बर्नार्ड कूपमन

बर्नार्ड ऑसगुड कूपमन (१९ जानेवारी, १९०० - १८ ऑगस्ट, १९८१) हे फ्रान्समध्ये जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ होते. एर्गोडिक सिद्धान्त, संभाव्यतेचा पाया, सांख्यिकी आणि ऑपरेशन्स रिसर्च (संक्रिया संशोधन) या विषयांत त्यांनी मूलभूत स्वरूपाचे काम केले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलासाठी शत्रूच्या पाणबुड्या हुडकण्याच्या प्रश्नावर काम करताना त्यांनी शोधसिद्धान्ताचा, म्हणजे हरवलेली किंवा लपलेली वस्तू कोठे व किती शोधावी याच्या गणिताचा, पाया घातला. युद्धासाठी रचलेले हे गणित पुढे समुद्रात बुडणाऱ्या खलाशांच्या, बेपत्ता विमानांच्या आणि डोंगररानात वाट चुकलेल्या माणसांच्या शोधासाठी वापरले जाऊ लागले. शोधपथकांचे व ड्रोनचे मार्ग आखण्यासाठी आज जे उत्क्रांतिक अल्गोरिदम वापरले जातात, त्यांपैकी अनेकांमध्ये मार्गाचे मोल ठरवण्याची रीत मूलतः कूपमन यांच्या सूत्रांवर आधारलेली असते.

जन्म आणि शिक्षण

कूपमन यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांचे बालपण फ्रान्स आणि इटली या देशांत गेले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यानंतर १९१५ मध्ये ते अमेरिकेत आले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी गणिताचे उच्च शिक्षण घेतले. तेथे जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ हे त्यांचे मार्गदर्शक होते. बर्कहॉफ हे गतिकीय प्रणालींच्या अभ्यासातील त्या काळचे अग्रगण्य गणितज्ञ होते. त्यांच्या हाताखाली कूपमन यांनी खगोलीय यामिकीतील त्रिपिंड समस्येवर प्रबंध लिहिला आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करू लागले. त्यांची अध्यापनाची पुढील कारकीर्द प्रामुख्याने याच विद्यापीठात घडली.

गणितातील आरंभीचे कार्य

१९३१ मध्ये कूपमन यांनी हॅमिल्टनच्या गतिकीय प्रणालींवर एक छोटा परंतु दूरगामी परिणाम करणारा निबंध प्रसिद्ध केला. एखाद्या प्रणालीतील प्रत्येक बिंदू कोठून कोठे जातो हे पाहण्याऐवजी त्या प्रणालीवर मोजता येणाऱ्या राशी काळानुसार कशा बदलतात हे पाहावे, असा त्यातील विचार होता. असे केल्यास मूळची गुंतागुंतीची, अरेषीय गती हिल्बर्ट अवकाशातील एका रेषीय कारकाच्या रूपाने मांडता येते. हा कारक आज कूपमन कारक या नावाने ओळखला जातो. या कल्पनेतून जॉन फॉन नॉयमन यांना आपल्या एर्गोडिक प्रमेयाची दिशा सापडली. पाठोपाठ बर्कहॉफ यांनीही आपले एर्गोडिक प्रमेय सिद्ध केले. १९३२ मध्ये कूपमन व फॉन नॉयमन यांनी संयुक्त निबंध लिहिला. अभिजात यामिकीची हिल्बर्ट अवकाशातील मांडणी त्या दोघांच्या नावे ओळखली जाते.

१९३६ मध्ये त्यांनी सांख्यिकीतील एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर दिले. निरीक्षणांची संख्या कितीही वाढली तरी त्यांतील सर्व उपयुक्त माहिती ठरावीक संख्येच्या सारांशमूल्यांत कधी सामावू शकते, हा तो प्रश्न होता. जॉर्ज दार्म्वा आणि एडविन पिटमन हेही याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचल्यामुळे या प्रमेयाला तिघांचे नाव मिळाले आहे.

१९४० मध्ये त्यांनी अंतःप्रेरित संभाव्यतेची स्वयंसिद्धके मांडली. एखाद्या घटनेच्या संभाव्यतेला नेमका आकडा देता आला नाही, तरी ही गोष्ट तिच्यापेक्षा अधिक संभवनीय आहे अशी तुलना माणूस करू शकतो. अशा तुलनांतून सुसंगत गणित उभे करता येते, हे त्यांनी दाखवले. शोधकार्यात अनुभवी माणसांना नेमका हाच प्रकार करावा लागतो. हरवलेला माणूस ओढ्याच्या काठाने खाली गेला असण्याची शक्यता कड्यावर चढला असण्यापेक्षा अधिक आहे, एवढेच त्यांना सांगता येते आणि तेवढ्यावर नकाशा तयार करावा लागतो.

महायुद्ध आणि शोधसिद्धान्ताचा उदय

१९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत मालवाहू जहाजांचा मोठा संहार चालवला होता. त्यावर उपाय शोधण्यासाठी अमेरिकेच्या नौदलाने भौतिकशास्त्रज्ञ फिलिप मोर्स यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांचा एक गट स्थापन केला. पाणबुडीविरोधी युद्धाच्या संक्रिया संशोधनाचे काम या गटाकडे होते. कूपमन १९४३ मध्ये या गटात सामील झाले.

गटापुढील अडचण साध्या शब्दांत सांगता येण्यासारखी होती. समुद्र अफाट होता, विमाने मोजकी होती आणि प्रत्येक विमानातील इंधनही मर्यादित होते. शत्रू कोठे आहे हे ठाऊक नव्हते, पण तो कोठे असण्याची शक्यता अधिक आहे याचा अंदाज होता. अशा स्थितीत उड्डाणाचे तास कोठे व किती खर्च करावेत? तोपर्यंत हा निर्णय अधिकाऱ्यांच्या अनुभवावर व अंदाजावर सोपवलेला असे. कूपमन यांनी त्याला गणिताचे रूप दिले आणि प्रश्नाचे तीन भाग पाडले: शोधणारा व लक्ष्य यांच्या सापेक्ष गतीचा अभ्यास, लक्ष्य दृष्टीस पडण्याच्या संभाव्यतेचा अभ्यास आणि शोधश्रमाची इष्टतम वाटणी.

युद्धकाळात या गटाच्या गणिताचा उपयोग गस्तीच्या आखणीत करण्यात आला. एखाद्या सामुद्रधुनीतून किंवा सागरी पट्ट्यातून जाणारे जहाज निसटू नये, अशा बेताने विमानांनी आडव्या-तिरप्या फेऱ्या मारण्याची अडथळा-गस्त हा त्याचा एक प्रकार होता. जानेवारी १९४४ मध्ये दक्षिण अटलांटिक महासागरात विमानांच्या गस्तीमुळे हेरल्या गेलेल्या वेझरलांट, रिओ ग्रांदे आणि बुर्गनलांट या तीन जर्मन नाकेबंदीभेदक जहाजांना अमेरिकी युद्धनौकांनी गाठले व ती बुडाली.

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, कूपमन यांनी हे सारे काम एका अहवालात संकलित केले. हा अहवाल बरीच वर्षे गोपनीय होता. १९५६ व १९५७ मध्ये त्यातील मुख्य भाग तीन निबंधांच्या रूपाने ऑपरेशन्स रिसर्च या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि नौदलाबाहेरील अभ्यासकांना तो प्रथमच उपलब्ध झाला.

शोधसिद्धान्ताचे स्वरूप

प्रभावी शोधरुंदी

शोधणाऱ्याची नजर किती लांब पोहोचते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. जवळची वस्तूही कधी नजरेतून सुटते आणि दूरची वस्तू कधी अचानक दिसते. कूपमन यांनी या साऱ्या अनिश्चिततेचे एकाच संख्येत रूपांतर केले. तिला प्रभावी शोधरुंदी म्हणतात. एखाद्या निरीक्षकाची शोधरुंदी २ किलोमीटर असेल आणि त्याने १०० किलोमीटर प्रवास केला, तर त्याने २०० चौरस किलोमीटर क्षेत्राएवढा शोधश्रम केला असे मानले जाते. या श्रमाला एकूण क्षेत्रफळाने भागले की व्याप्ती मिळते.

विमानातून जहाजामागचा फेसाळ पट्टा पाहणाऱ्या निरीक्षकासाठी त्यांनी व्यस्त घन नियम मांडला. समुद्राच्या पृष्ठभागावरील ठिपका जसजसा दूर जातो तसतसा तो लहान तर दिसतोच, शिवाय अधिक तिरपाही दिसतो. त्यामुळे पुष्कळ अंतरावर, अंतर दुप्पट झाले की एका दृष्टिक्षेपात तो दिसण्याची शक्यता सुमारे एक-अष्टमांश होते.

व्याप्ती आणि संभाव्यता

व्याप्ती १ असणे म्हणजे कागदोपत्री संपूर्ण क्षेत्र एकदा धुंडाळले जाणे. परंतु तेवढ्याने लक्ष्य सापडेलच असे नाही. नजर ठरावीक पट्ट्यात मुळीच चुकत नसेल आणि पट्टे एकमेकांना अचूक भिडत असतील, तरच यशाची संभाव्यता १०० टक्के असते. व्यस्त घन नियमानुसार समांतर पट्ट्यांत शोध घेतल्यास ती सुमारे ७९ टक्के असते. शोध अस्ताव्यस्त झाला तर ती सुमारे ६३ टक्क्यांवर येते. अस्ताव्यस्त शोधात व्याप्ती दुप्पट केली तरी ती सुमारे ८६ टक्क्यांपर्यंतच पोहोचते. म्हणजे त्याच जागी ओतलेल्या प्रत्येक वाढीव तासाचे फळ आधीच्या तासापेक्षा कमी असते. एखादा भाग पाहून झाला असे सांगणे आणि तेथे कोणी नाही असे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांमुळे स्पष्ट झाले.

श्रमाची वाटणी

कूपमन यांच्या तिसऱ्या निबंधाचा विषय श्रमाची वाटणी हा आहे. उदाहरणार्थ, हरवलेली व्यक्ती सारख्याच आकाराच्या दोन खोऱ्यांपैकी पहिल्यात असण्याची संभाव्यता ७० टक्के आणि दुसऱ्यात असण्याची ३० टक्के आहे, असे समजू. शोध अस्ताव्यस्त स्वरूपाचा आहे आणि एकूण श्रम दोन खोरी एकेकदा धुंडाळण्याइतके आहेत. सर्व श्रम पहिल्या खोऱ्यात खर्च केले तर यशाची संभाव्यता सुमारे ६१ टक्के येते. दोन्ही खोऱ्यांत समान वाटले तर ती सुमारे ६३ टक्के होते. इष्टतम वाटणीत प्रथम फक्त पहिले खोरे शोधले जाते. तेथील उरलेली शक्यता दुसऱ्या खोऱ्याइतकी खाली आली की उर्वरित श्रम दोन्हीकडे सारखे विभागले जातात. असे केल्यास संभाव्यता सुमारे ६६ टक्के होते. जास्तीचा माणूस वा जास्तीचे विमान न मिळवता, केवळ वाटणी बदलून झालेला हा लाभ असतो.

या मांडणीतून आणखी एक निष्कर्ष निघतो. एखाद्या भागात शोध निष्फळ ठरला की त्या भागाची संभाव्यता घटते आणि न शोधलेल्या भागांची वाढते. त्यामुळे अपयशी शोधही माहिती देतो. तो वाया जात नाही, मात्र त्याची नोंद व्याप्तीसह ठेवलेली असावी लागते.

युद्धोत्तर कारकीर्द

युद्धानंतर कूपमन कोलंबिया विद्यापीठात परतले. १९५० च्या दशकात ते तेथील गणित विभागाचे प्रमुख होते. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या ऑपरेशन्स रिसर्च सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता आणि पुढे तिचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. संरक्षणविषयक संशोधनाशी त्यांचा संबंध पुढेही राहिला. १९८० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी १९४६ च्या अहवालाची विस्तारित आवृत्ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात त्यांचे निधन झाले.

शोध व बचावकार्यातील उपयोग

शत्रूच्या पाणबुडीपेक्षा तराफ्यावरचा खलाशी गणिताच्या दृष्टीने फारसा वेगळा नसतो. दोघांचेही ठिकाण अनिश्चित असते आणि दोघांच्याही शोधासाठी साधने अपुरी असतात. हे ध्यानात आल्यावर कूपमन यांच्या पद्धती सागरी शोध व बचावाच्या नियमावल्यांत समाविष्ट झाल्या. १९६८ मध्ये अटलांटिक महासागरात बुडालेल्या स्कॉर्पियन या अमेरिकी पाणबुडीचा शोध संभाव्यतेच्या नकाशाच्या आधारे घेण्यात आला आणि तिचे अवशेष सुमारे ३,००० मीटर खोलीवर सापडले. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९७४ पासून शोधाचे नियोजन संगणकाच्या साहाय्याने सुरू केले. २००९ मध्ये २२८ जणांसह अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचे अवशेष २०११ मध्ये मिळाले. त्या वेळी आधीच्या निष्फळ मोहिमांची माहिती हिशेबात घेऊन नकाशा नव्याने मांडण्यात आला होता.

जमिनीवरील शोधकार्यात हा विचार १९७० च्या दशकापासून रुजला. हरवलेल्या व्यक्तींच्या वर्तनाचा अभ्यास सुरू झाला. लहान मूल, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, गिर्यारोहक, शिकारी असे गट पाडून ते शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून किती दूर आणि कोणत्या दिशेने सापडतात, याच्या नोंदी होऊ लागल्या. शोधरुंदीचे मापनही २००० नंतर जंगलांत प्रत्यक्ष प्रयोग करून होऊ लागले.

भारतात सागरी शोध व बचावाची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथे त्याची समन्वय केंद्रे आहेत. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने २०१६ मध्ये सारत ही संगणकीय प्रणाली सुरू केली. वारा आणि सागरी प्रवाह यांच्या आधारे हरवलेली नौका वा व्यक्ती कोठे वाहत गेली असेल, याचा संभाव्यतेच्या स्वरूपातील अंदाज ती देते. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या दृष्टीनेही अशा अंदाजाला महत्त्व आहे.

उत्क्रांतिक अल्गोरिदम आणि शोधमार्ग

कूपमन यांच्या वाटणीच्या सिद्धान्तात शोधश्रम हा पाण्यासारखा मानला आहे. तो हवा तेथे, हवा तेवढा ओतता येतो. प्रत्यक्षात पथकाला किंवा ड्रोनला एका जागेवरून दुसऱ्या जागी जावे लागते आणि वाटेत वेळ व ऊर्जा खर्च होते. पट्टे, फेऱ्या यांसारख्या नियमित आकृत्यांचा विचार कूपमन यांनी केला होता. परंतु ओबडधोबड संभाव्यतेच्या नकाशावर एकसंध, सर्वोत्तम मार्ग शोधणे हा वेगळा आणि अधिक कठीण प्रश्न आहे. १९८६ मध्ये तो संगणनाच्या दृष्टीने अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो, असे सिद्ध झाले. नकाशाचे चौकोन पाडले आणि प्रत्येक पावलाला आठ दिशा मोकळ्या असल्या, तर ४० पावलांतच संभाव्य मार्गांची संख्या १ वर ३६ शून्ये एवढी प्रचंड होते. सर्व मार्ग तपासणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. दर पावलाला शेजारचा सर्वाधिक संभाव्यतेचा चौकोन निवडावा, हा सोपा उपायही फसवा आहे. मोकळ्या माळापलीकडे दुसरे दाट शक्यतेचे रान असेल, तर माळ ओलांडण्याचे धाडस ही पद्धत करत नाही.

या कोंडीवर मार्ग म्हणून उत्क्रांतिक अल्गोरिदम वापरले जातात. १९६० च्या दशकात जर्मनीत इंगो रेखेनबर्ग व हान्स-पाउल श्वेफेल यांनी आणि अमेरिकेत जॉन हॉलंड व लॉरेन्स फोगेल यांनी त्यांचा पाया घातला. हॉलंड यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९७५ चा आहे. कूपमन यांनी स्वतः या पद्धतींवर काम केलेले नव्हते. दोन्ही विचारधारा त्यांच्या पश्चात एकत्र आल्या.

पद्धत पुढीलप्रमाणे असते. प्रथम संगणक शेकडो मार्ग यदृच्छया तयार करतो. प्रत्येक मार्ग हा जणू एक जीव आणि त्यातील चौकोनांचा क्रम ही त्याची जनुके होत. प्रत्येक मार्गावरून गेल्यास व्यक्ती सापडण्याची एकूण संभाव्यता किती, हे कूपमन यांच्या नियमाने मोजले जाते. तेच त्या मार्गाचे योग्यतामूल्य असते. एकाच चौकोनात पुन्हा गेल्यास मिळणारा लाभ घटत जात असल्याने घुटमळणारे मार्ग आपोआप मागे पडतात. अधिक योग्यतेच्या मार्गांची निवड होते आणि त्यांचा संकर केला जातो. दोन मार्ग ज्या चौकोनात एकमेकांना छेदतात तेथे त्यांचे तुकडे अदलाबदल केले, तर नवा मार्ग तुटत नाही. अधूनमधून एखादा तुकडा यदृच्छया बदलला जातो. हे उत्परिवर्तन होय. त्यामुळे सर्व मार्ग एकाच साच्याचे होत नाहीत आणि माळापलीकडच्या रानाकडे जाणारी वाटही कोणत्या तरी पिढीत उगवते. अशा अनेक पिढ्यांनंतर चांगले मार्ग उरतात.

बॅटरी संपण्यापूर्वी परतणे, कडे व उंच झाडे टाळणे, अनेक ड्रोनमध्ये काम वाटणे यांसारख्या अटी योग्यतामूल्यात घालता येतात. थंडीत वा पाण्यात जिवंत राहण्याची शक्यता तासागणिक घटत असल्याने लवकर सापडण्याला अधिक वजनही देता येते. या पद्धतीने मिळालेला मार्ग सर्वोत्तमच असेल याची हमी नसते. मात्र केव्हाही थांबवले तरी तोवरचा उत्तम मार्ग हाती असतो आणि नवी माहिती येताच गणित पुढे चालू ठेवता येते. बचावकार्यात हा गुण महत्त्वाचा ठरतो.

या पद्धतींची मर्यादाही कूपमन यांच्या मांडणीतच दिसते. संभाव्यतेचा नकाशा चुकला, किंवा शोधरुंदी प्रत्यक्षापेक्षा अधिक धरली, तर संगणक चुकीच्या जागी उत्तम मार्ग आखून देतो. दाट पानोळ्याखाली बेशुद्ध पडलेला माणूस आणि उघड्या कुरणात हात हलवणारा माणूस यांची शोधरुंदी एक नसते. शोध केव्हा थांबवावा हा निर्णयही अखेर याच आकड्यांवर अवलंबून असतो. त्यामुळे त्यांतील चुकीचे मोल एखाद्याच्या जिवाने मोजावे लागू शकते.

वारसा

सैन्यविषयक संक्रिया संशोधनातील उत्कृष्ट लेखनासाठी अमेरिकेतील इन्फॉर्म्स या संस्थेतर्फे कूपमन पुरस्कार दिला जातो. कूपमन कारकाचा उपयोग एकविसाव्या शतकात द्रवगतिकी, यंत्रमानवशास्त्र आणि विदेवर आधारित प्रतिमाने यांत पुन्हा मोठ्या प्रमाणावर होऊ लागला आहे. शोधसिद्धान्तात प्रभावी शोधरुंदी, व्याप्ती आणि इष्टतम वाटणी या त्यांच्या तीन संकल्पना आजही मूळ अर्थानेच वापरल्या जातात.